बेळगावचा उतारा, शेंगेनचा व्हिसा

एकतीस वर्षं मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात कारकून होते. जनरल रजिस्टरात पोरांची नावं चढवायची, शाळा सोडल्याचे दाखले लिहून द्यायचे, हे माझं काम. निवृत्त झाले आणि जर्मनीतल्या मुलीकडं जायचं ठरलं, तेव्हा आमच्या दोघांच्या व्हिसाचे अर्ज मी स्वतः भरले. तेव्हापासून बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत कुणाला परदेशी जायचं असलं की माणसं पिशवीत कागद घालून माझ्याकडं येतात. बहुतेक आईबापच असतात. कुणाची लेक बर्लिनला, कुणाचा मुलगा दुबईत, कुणाच्या नातवाचं बारसं लंडनला. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, खात्यावर किती पैसे दाखवायला लागतात?"

पैशाचं नंतर बघू. व्हिसा देणारा अधिकारी तीनच गोष्टी शोधत असतो. हा माणूस जो आहे म्हणतो तोच आहे का, ज्या कामाला चाललोय म्हणतो त्याच कामाला चाललाय का, आणि काम झालं की घरी परत येणार आहे का. आमच्या भागातल्या माणसाकडं परत यायची कारणं ढीगभर आहेत. शेत आहे, माग आहेत, दावणीला म्हशी आहेत, धाकट्या पोरीचं लग्न ठरवायचंय. पण अधिकाऱ्याला तुमची दावण दिसत नाही. त्याच्या टेबलावर येतात ते फक्त कागद, आणि आमच्या माणसाची ही कारणं कागदावर क्वचितच उतरलेली असतात. ती उतरवायची कशी, हे मी सांगते.

आधी देश, मग पासपोर्ट

सगळ्या देशांची पद्धत एक नाही. नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर जाता येतं. भूतानमध्ये मात्र भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क आहे. थायलंड आणि मलेशियानं २०२३ च्या अखेरीस भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. पण अशा सवलती मुदतीच्या असतात आणि मुदती बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ उघडून बघायचंच. शिवाय व्हिसा नसला तरी या दोन्ही देशांचं आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. श्रीलंका आणि व्हिएतनामची परवानगी घरबसल्या ऑनलाइन निघते. दुबईचा व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा टूरवाल्यामार्फत होतो. युरोप, इंग्लंड आणि अमेरिका यांना मात्र पूर्ण फाइल लागते, आणि माणसं अडतात ती इथंच.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. तिथं डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म आणि समोरासमोर मुलाखत असते. तिथला कायदाच असा, की पर्यटक म्हणून येणारा माणूस तिथंच राहायला येतोय असं धरून चालायचं आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते. आमच्या वयाच्या माणसांनी इंग्रजीचा हट्ट धरू नये. आपल्या भाषेत माणूस सरळ आणि थोडक्यात बोलतो, आणि तिथं मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत तेच उपयोगी पडतं.

बाकी सगळं मी युरोपाबद्दल सांगणार आहे, कारण तो रस्ता मी स्वतः चालले आहे. शेंगेन म्हणजे २९ देशांचा मिळून एक व्हिसा. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून त्यात पूर्ण सामील झाले. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत. लंडनला मुलाकडं राहून चार दिवस पॅरिस बघायचं म्हणाल तर दोन वेगळे व्हिसे लागतील. कोणत्या देशाकडं अर्ज करायचा याचा नियमही ठरलेला आहे: जिथं जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं. दिवस सारखेच असतील तर जिथं आधी उतरणार, तिथं. "अमक्या देशाचा लवकर मिळतो, तिथनं घेऊया," असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. बुकिंग एका देशाचं आणि अर्ज दुसऱ्या देशाकडं, हे पहिल्याच नजरेत दिसतं.

शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. आशियातले बरेच देश सहा महिन्यांची मुदत मागतात. मुदत वर्षभरावर आली असेल तर आधी पासपोर्टच नवा करून घ्या. आपल्या बेळगावच्या हेड पोस्टात त्याची सोय आहे, नाहीतर हुबळीचं केंद्र आहे. ३६ पानी पुस्तकाची फी १,५०० रुपये. आणि नवा करताना पुढची गोष्ट त्याच वेळी उरकून घ्या.

नाव

इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्याकडं येणाऱ्या दहा पिशव्यांतल्या सात-आठ पिशव्यांत घोळ नावाचाच असतो. त्यात आमच्या माणसांची काही चूक नसते.

सीमाभागातल्या माणसाचं नाव तीन लिप्यांतून फिरून येतं. शाळेचा दाखला मराठीत. शेताचा उतारा, रेशन कार्ड, जन्माचा दाखला कन्नडमध्ये. पासपोर्ट इंग्रजीत. आमच्या पिढीच्या आईवडिलांचे तर १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्याच्या काळातले मराठी कागदही पेटीत सापडतात. मराठीतलं नाव ऐकून कन्नड कारकुनानं कन्नडमध्ये लिहिलं, त्यावरून संगणकानं इंग्रजी केलं. मग परशराम कुठं परशुराम झाला, कुठं परसराम. चव्हाणची तर तीन-तीन रूपं मी एकाच घरात बघितली आहेत. यल्लाप्पा एका कागदावर वाय-ए नं सुरू होतो, दुसऱ्यावर वाय-ई नं. लक्ष्मीत कुणी एक्स घालतं, कुणी केएसएच. आपल्याला ते सगळं एकच नाव वाटतं. लांबच्या अधिकाऱ्याला ती दोन माणसं वाटतात.

म्हणून पहिल्या दिवशी दुसरं काही करायचं नाही. सगळे कागद जमिनीवर पसरायचे, पासपोर्ट मधोमध ठेवायचा आणि प्रत्येक कागदावरचं इंग्रजी नाव अक्षर-अक्षर लावून बघायचं. व्हिसाच्या कामात पासपोर्टवरचं नाव हेच खरं नाव. आधार, पॅन आणि बँकेचं खातं त्याच्याशी जुळवून घेता येतं. वेळ लागतो, पण होतं. जे जुळवणं शक्य नाही, उदाहरणार्थ जुना दाखला किंवा उतारा, त्यासाठी ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करून नोटरीचा शिक्का घ्यायचा. अर्जाबरोबर ते स्वतःहून जोडायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही.

दुसरा घोळ आडनावाचा. आमच्या शाळांच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कन्नड पद्धतीत बऱ्याच जणांना आडनाव लावायची सवय नाही. पासपोर्टच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना कोरा ठेवून सगळं नाव पहिल्या रकान्यात घातलेले पासपोर्ट आमच्याकडं पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकाला प्रवेश नाही असा नियम लावला. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला. त्या दिवसांत दुबईला जाणाऱ्या माणसांची फार धावपळ झाली. पासपोर्ट नवा करताना आडनावाच्या रकान्यात आडनाव घातलं की ही काळजी कायमची मिटते.

तिसरा घोळ बायकांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा. माझा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या नावाचा. शेंगेनच्या अर्जात पहिला रकाना आडनावाचा आणि दुसरा जन्माच्या वेळच्या आडनावाचा आहे. तिथं माहेरचं आडनाव लिहायचं असतं. बऱ्याच जणी तिथंही सासरचंच लिहितात, नाहीतर रकाना सोडून देतात. दोन नावांमधला पूल म्हणजे लग्नाचा दाखला. आमच्या वयाच्या किती जोडप्यांच्या लग्नाची नोंदच झालेली नाही! लग्नाला चाळीस वर्षं झाली असली तरी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात ती आता करता येते. आम्ही दोघांनी ती साठीनंतर केली, आणि त्या दाखल्याचा पुढं इतर कामांतही उपयोग झाला.

गावाच्या नावाचंही लोक विचारतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं इंग्रजी नाव बेळगावी झालं. जुन्या पासपोर्टवर जन्मठिकाण बेलगाम, नव्या आधारवर बेळगावी. यानं घाबरू नका. अर्जात जन्मठिकाण पासपोर्टवर जसं आहे तसंच उतरवा, आणि राहत्या पत्त्यात आजचं नाव लिहा.

एक बहीण बेंगळुरूला, एक भाऊ पुण्याला

माझं माहेर चंदगड तालुक्यात. शिनोळी आली की महाराष्ट्र, बेळगावातनं जाऊन येऊन अर्ध्या दिवसाचं काम. दादा, वहिनी आणि आम्ही दोघं, चौघांनी मिळून माझ्या लेकीकडं जायचं असं ठरलं होतं. मी म्हटलं, चौघांची फाइल एकत्र करू आणि पुण्याला जाऊन देऊ, दादाचा मुलगा तिथंच आहे. तसं झालं नाही.

अर्ज सहसा तुम्ही जिथं राहता त्या भागाच्या वकिलातीकडं जातो. जर्मनीच्या बाबतीत कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या वकिलातीखाली येतात, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या. म्हणून दादा-वहिनी वकिलातीचे अर्ज घेणाऱ्या पुण्याच्या केंद्रावर गेले आणि आम्ही पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला. एकाच आईची दोन लेकरं, प्रवास एकच, जिच्याकडं जायचं ती एकच, आणि फाइली दोन ठिकाणी. अशा वेळी दोन्ही फाइलींत एकमेकांचा उल्लेख करायचा. आम्ही दोन्ही पत्रांत लिहिलं की सोबत भाऊ, वहिनी, बहीण आणि मेहुणे असे चौघं आहोत, आणि दुसऱ्या जोडप्यानं कुठं अर्ज केलाय. चौघांच्या तारखा, विमा आणि राहण्याचा पत्ता सारखा ठेवला.

आमची बरीच पोरं पुण्यात नोकरीला आहेत आणि पासपोर्टवर पत्ता बेळगावचा असतो. त्यांनी पुण्यातनं अर्ज करायचा असेल तर तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो: भाडेकरार, कंपनीचं पत्र, विजेचं बिल. प्रत्येक देशाची हद्द वेगळी आखलेली असते, त्यामुळं अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी आपला जिल्हा कुठं पडतो हे त्या देशाच्या यादीत बघून घ्या.

पैसे आणि परत यायची कारणं

आमच्या गल्लीतले एक मागवाले अण्णा आहेत. चार यंत्रमाग, स्वतःचं घर, आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही. मुलाकडं जायला त्यांनी एका एजंटाकडून अर्ज भरून घेतला. एजंटानं सांगितलं, खात्यावर रक्कम कमी आहे. पाहुण्यांकडून चार लाख आणून अर्जाच्या आठ दिवस आधी भरले. व्हिसा नाकारला गेला. अण्णा कागद घेऊन माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "बाई, मी चोरी केल्यासारखं वाटायलंय."

अधिकारी शिल्लक बघतोच, पण त्याच्याआधी चाल बघतो. महिन्याला काय येतं, काय जातं, आणि या प्रवासाचा खर्च त्या चालीत बसतो का. वर्षभर पंधरा-वीस हजार खेळणाऱ्या खात्यात एकदम चार लाख आले, की ते उसने आणलेत हे त्याला कळतं, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. मोठी रक्कम खरोखर आली असेल, ठेव मोडली, ऊसाचं बिल जमा झालं, जमिनीचा हिस्सा मिळाला, तर त्या नोंदीशेजारी खूण करून पुरावा जोडायचा.

अण्णांची दुसरी फाइल आम्ही दोघांनी तीन आठवडे बसून केली. मागांच्या विजेची वर्षभराची बिलं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्याचा उतारा. साड्या घेणाऱ्या दुकानाच्या पावत्या. तीन वर्षांची आयकर विवरणं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, प्रत्येक पानावर शिक्का. पतसंस्थेतल्या ठेवीचा दाखला, संस्थेच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घेतलेला. आणि मागं दोन महिने माग कोण सांभाळणार, त्याचं धाकट्या भावाचं पत्र. यातला एकही कागद नवा तयार केला नव्हता. सगळं त्यांच्या घरातच होतं, कपाटात आणि खिळ्याला अडकवलेल्या पावत्यांच्या तारेत. दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला.

शेतकऱ्याचं आणखी वेगळं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरण नाही, म्हणून कागदावर उत्पन्नच नाही, अशी त्याची गत होते. कर्नाटकातला उतारा, म्हणजे आरटीसी, 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून काढता येतो. त्यात मालकाच्या नावाबरोबर पिकाचाही रकाना असतो, आणि तोच आपल्या कामाचा. ऊस असेल तर कारखान्याच्या बिलाच्या नोंदी पासबुकात असतात. डेअरीला दूध घालत असाल तर तिथल्या पेमेंटच्या पट्ट्या जपून ठेवा. उतारा कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या आणि मूळ कागदाला जोडून लावा. भावाभावांची जमीन एकत्र असेल तर उताऱ्यावर पाच-सहा नावं दिसतात. त्यातलं आपलं नाव कोणतं, तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, भाताचं. आम्ही एप्रिलच्या मध्याला जाऊन मेच्या अखेरीस परतायचं ठरवलं आणि पत्रात कारण लिहिलं: जूनच्या सुरुवातीला भाताची पेरणी असते, ती आमच्या यजमानांच्या देखरेखीखाली होते, सोबत तीन वर्षांचे उतारे जोडले आहेत. घरी परत यायचं हे आमचं खरं कारण होतं. ते सांगायला मला कुठलेही मोठे शब्द लागले नाहीत.

मुलाकडं किंवा मुलीकडं राहणार असाल आणि खर्च तेच करणार असतील, तर जर्मनीत एक सोय आहे. मुलीनं तिच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आपल्या खर्चाची हमी घ्यायची. त्या कागदाला तिकडं फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. फी २९ युरो. तिची मिळकत बघून ते कार्यालय हमीपत्र देतं. ते मूळ प्रतच कुरिअरनं मागवून घ्यायचं असतं, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. हमीपत्र आलं तरी आपली परत यायची कारणं दाखवावी लागतातच, कारण खर्च कोण करणार आणि माणूस परतणार का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

विमा कमीत कमी ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालणारा हवा. आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असावा. बीपी, शुगर असेल तर पॉलिसीत तसं खरं सांगा. विमानाचं फक्त आरक्षण दाखवा. परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका. आणि खोटं हॉटेल बुकिंग कधीही जोडू नका, ते पडताळलं जातं.

पत्र

फाइलीच्या वरचं पत्र एका पानाचं पुरे. आम्ही कोण, काय करतो, कोणाकडं चाललो, ते आमचे कोण लागतात, कोणत्या तारखेला जाऊन कोणत्या तारखेला येणार, राहणार कुठं, खर्च कोणाचा, आणि परत का येणार. वाक्यं लहान ठेवा. नेटवरचं तयार पत्र उचलू नका; त्यात युरोपच्या संस्कृतीची स्तुती असते आणि तुमच्याबद्दल काही नसतं. पोरांकडून इंग्रजी करून घ्या, पण आधी मराठीत स्वतः लिहा. मी सगळ्यांना माझ्यासमोर बसवून मराठीत सांगायला लावते आणि ते बोलतात तसं उतरवून घेते. खानापूरच्या एका मावशींनी सांगितलं होतं, "नातीला बघायचंय, पंचवीस दिवस राहणार, घरात म्हातारी सासू हाय, तिला जाऊबाई बघणार, पर फार दिवस नाही बघायची." पत्राला लागणारं सगळं त्यात आलं होतं.

बेंगळुरूचा दिवस

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटच्या दिवसावर अवलंबून राहू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. आम्ही एप्रिलच्या प्रवासाची तयारी नोव्हेंबरात सुरू केली होती.

राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू. अपॉइंटमेंट दहाच्या आधीची घेऊ नका, गाडीला उशीर झाला तर जीव टांगणीला लागतो. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे ताजे फोटो घरूनच घेऊन जा. फाइलीत कागद यादीच्या क्रमानं लावा आणि प्रत्येकाची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा.

व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. ती रुपयांत घेतात, वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी परत मिळत नाही.

तिथं दहाही बोटांचे ठसे घेतात. कष्टाच्या हातांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, हे कुणी आधी सांगत नाही. आमच्या यजमानांची बोटं शेतकामानं गुळगुळीत झालेली. पुन्हा पुन्हा पुसून, दाबून कसेबसे उमटले. मागावरच्या आणि शेतातल्या माणसांनी जायच्या आधी पंधरा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळावं, मात्र ठसे द्यायच्या दिवशी हात कोरडे ठेवावेत. घरात लग्नकार्य असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. एकदा घेतलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, त्यामुळं त्या मुदतीतल्या पुढच्या अर्जाला सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

आमच्या फाइलीत त्या दिवशी एक चूक निघाली. लेकीनं पाठवलेल्या निमंत्रणात माझं नाव तिनं लहानपणापासून लिहिलं तसं लिहिलं होतं, पासपोर्टवर आहे तसं नाही. एका अक्षराचा फरक. सगळ्यांची नावं मी तपासली होती, लेकीच्या पत्रावर मात्र विश्वासानं नजर फिरवली होती. तिनं दुसरं पत्र सही करून लगेच पाठवलं, आम्ही बाहेर जाऊन छापून आणलं आणि फाइल दिली. जर्मनीत तेव्हा पहाट होती, तिनं फोन उचलला म्हणून निभावलं. निमंत्रण पाठवणाऱ्या मुलांना आधी आपल्या पासपोर्टचा फोटो पाठवा आणि त्यावरून नाव उतरवायला सांगा.

निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, कागद जास्त तपासायचे असतील तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. पासपोर्ट कुरिअरनं घरी मागवता येतो.

नकार आला तर

नकाराबरोबर छापील कागद येतो, त्यावर कारणासमोर खूण केलेली असते. रडायच्या आधी ती खूण वाचा. मुक्कामाचा हेतू पटला नाही, खर्चाची सोय दिसली नाही, परत जाण्याबद्दल शंका आहे. प्रत्येकाला उत्तर वेगळं. जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडं फेरविचार मागायची सोय बंद केली. आता एक तर नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. आपल्यासारख्यांना नवा अर्जच परवडतो. तेच कागद पुन्हा दिले तर तेच उत्तर येतं. ज्या कारणावर खूण आहे, त्याचा नवा पुरावा घाला. आणि आधी नकार आला होता का असं कुठल्याही देशाच्या अर्जात विचारलं, तर हो म्हणा. अण्णांच्या दुसऱ्या पत्राची सुरुवात आम्ही तिथूनच केली होती: पहिल्या अर्जाच्या वेळी खात्यात भरलेली रक्कम उसनी होती, ती परत केली, हे माझं खरं स्टेटमेंट.

स्टिकर वाचायचा कसा

व्हिसा आला की देवापुढं ठेवायच्या आधी वाचून काढा. नाव, पासपोर्टचा नंबर आणि जन्मतारीख जुळते का बघा. चूक असेल तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. मग तीन गोष्टी बघा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, आणि किती वेळा प्रवेश. तारखांची मुदत दोन महिन्यांची दिसली तरी मुक्कामाचे दिवस ४५ असतील तर ४५ च दिवस राहायचं, उतरलेला आणि निघालेला दिवस धरून. प्रवेशापुढं १ असेल तर मधेच स्वित्झर्लंडला जाता येतं, तो शेंगेनमध्येच आहे. पण लंडनला जाऊन परत येता येणार नाही. व्हिसा अनेक प्रवेशांचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही.

व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट आणि मुलीचा पत्ता-फोन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत नाही. आम्हाला त्यानं इतकंच विचारलं, कोणाकडं आणि किती दिवस. यजमानांनी पासपोर्टबरोबर लेकीचं पत्र पुढं केलं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे, म्हणून रांगेला जास्त वेळ धरा आणि पुढचं विमान असेल तर मधे पुरेसं अंतर ठेवा.

परत आल्यावर बोर्डिंग पास टाकून देऊ नका. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम झालाय, की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमानं वापरले असतील तर पुढं दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचाही. आमचे आणि दादा-वहिनीचे, चौघांचे पास मी एका पाकिटात घालून जुन्या पासपोर्टांबरोबर कपाटात ठेवले आहेत. नातीची मुंज नाही, पण तिचा पहिला शाळेचा दिवस पुढच्या वर्षी आहे, आणि दुसरी फाइल मी काढायला घेतली आहे.